जुने दहा गिगाबिटचे कार्ड घेताय? आधी हे तपासा

डेटा सेंटरमधल्या सर्व्हरमधून काढलेली दहा गिगाबिटची नेटवर्क कार्डे आता घरगुती खिशाला परवडू लागली आहेत. पुण्यात बुधवार पेठेतल्या पासोड्या विठोबाजवळच्या बाजारात, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि ऑनलाइन दुकानांत ती मिळतात. पुणे जिल्ह्यातल्या डिंभे, घोडेगाव, मंचर, नारायणगाव या पट्ट्यातही त्यांना गिऱ्हाईक आहे. पुण्यातल्या कंपनीचे काम गावच्या घरून करणारे अभियंते, दोन-तीन जुने डेस्कटॉप जोडून सर्व्हर शिकणारी कॉलेजची मुले, लग्नाचे फोर-के चित्रीकरण करून रात्र रात्र एडिटिंगला बसणारे स्टुडिओवाले, असे तिन्ही प्रकारचे लोक ही कार्डे घेतात. त्यांच्या तक्रारी मात्र त्याच त्याच असतात. कार्ड बसवले, पण फाइल जुन्याच वेगाने जाते. कार्ड लावल्यावर कॉम्प्युटर चालूच होत नाही. फायबर आणली, पण तिचे टोक कार्डात बसत नाही. आणि सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: एवढे करून इंटरनेट का वाढले नाही?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन टाकू. इंटरनेट वाढणार नाही. तुमच्या घरातल्या दोन यंत्रांमधला रस्ता हे कार्ड रुंद करते, घराबाहेरचा नाही. सेवा देणाऱ्याकडून शंभर एमबीपीएसची जोडणी घेतली असेल, तर ती शंभरचीच राहील.

दहा गिगाबिट इथरनेटचे मानक २००२ सालचे. पुण्याच्या सी-डॅकने २००८ मध्ये 'परम युवा' हा महासंगणक उभारला, तेव्हा त्याचे भाग जोडायला 'परमनेट-३' हे स्वतःचे दहा गिगाबिटचे जाळे वापरले होते. तो वेग आज जुन्या मालाच्या खोक्यात मिळतो, ही शिकणाऱ्यांसाठी मोठीच संधी आहे. फक्त खर्च करण्यापूर्वी चार गोष्टी तपासायच्या, आणि त्याही नेमक्या क्रमाने.

आधी पाहा: अडते कुठे?

कालवा कितीही भरून वाहिला, तरी शेताला पाणी चारीच्या तोंडाएवढेच मिळते. नेटवर्कमध्ये ही चारी म्हणजे बहुतेक वेळा डिस्क. एका लग्नाचे ५०० जीबी चित्रीकरण एका यंत्रातून दुसऱ्यात टाकायचे आहे, असे धरून हिशेब करा.

- साधे एक गिगाबिटचे जाळे: सेकंदाला साधारण ११० एमबी, म्हणजे सव्वा तास.
- दहा गिगाबिटचे जाळे, पण दोन्हीकडे फिरती हार्ड डिस्क: सेकंदाला २०० एमबीच्या आसपास, म्हणजे चाळीसेक मिनिटे.
- तेच जाळे, दोन्हीकडे साटा एसएसडी: सेकंदाला पाचशे एमबीच्या वर, म्हणजे सोळा-सतरा मिनिटे.
- तेच जाळे, दोन्हीकडे चांगली एनव्हीएमई डिस्क: सात-आठ मिनिटे.

तुमच्याकडे एकच फिरती डिस्क असेल, तर दहा गिगाबिटचे कार्ड घेऊ नका. त्याऐवजी २.५ गिगाबिटचे नवे कार्ड घ्या. ते स्वस्त असते, कमी तापते, नेहमीची आरजे-४५ केबल घेते आणि फिरत्या डिस्कचा सगळा वेग त्यातून जातो. वाड्यातली केबल आधीच भिंतीत घातलेली असेल, तर ती बदलायचाही प्रश्न येत नाही. जुन्या मालाच्या मोहात हा साधा पर्याय अनेकांच्या लक्षातच येत नाही.

एनव्हीएमई असेल, अनेक डिस्कांचा संच असेल किंवा प्रॉक्समॉक्ससारख्या प्रणालीवर आभासी यंत्रे एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवायला शिकायचे असेल, तर मात्र पुढे वाचा.

कार्ड कोणते?

बाजारात नावे डझनभर आहेत, घरासाठी कामाची तीन-चारच.

इंटेल एक्स-५२०. २००९ च्या सुमाराची चिप, तरीही भरवशाची. एक पोर्टचे डीए-१ आणि दोन पोर्टचे डीए-२ मिळते. लिनक्समध्ये आणि फ्रीबीएसडीमध्ये ड्रायव्हर आधीच असतो. तिची खोड एकच: दुसऱ्या कंपनीचे फायबर मॉड्यूल ती नाकारते. लिनक्समध्ये ड्रायव्हरला 'अनोळखी मॉड्यूल चालू द्या' असा पर्याय देता येतो. तांब्याच्या तयार केबलींना सहसा ही अडचण येत नाही. या कार्डाच्या नकला बाजारात पुष्कळ आहेत. सर्व्हर कंपनीच्या नावाने निघालेले, वापरलेले कार्ड 'अगदी नवे, सीलबंद' कार्डापेक्षा पुष्कळदा अस्सल निघते.

मेलॅनॉक्स कनेक्टएक्स-३. २०११ ची पिढी. स्वस्त, कमी वीज खाणारे. एक पोर्टचे एमसीएक्स-३११ए आणि दोन पोर्टचे एमसीएक्स-३१२ए ही दहा गिगाबिटची रूपे घरासाठी उत्तम. लिनक्सच्या कर्नेलमध्ये ड्रायव्हर आहे, म्हणून वेगळे काही उतरवावे लागत नाही. एनव्हिडियाने २०२० मध्ये मेलॅनॉक्स विकत घेतली. तिच्या नव्या ड्रायव्हर-संचांतून ही पिढी वगळली गेली आहे. विंडोजवर वापरणार असाल, तर शेवटचा ड्रायव्हर तुमच्या आवृत्तीवर चालतो का, हे पैसे देण्याआधी पाहा.

कनेक्टएक्स-४ एलएक्स. २५ गिगाबिटपर्यंत जाते आणि दहावरही चालते. किंमत जास्त, पण ड्रायव्हरचे आयुष्यही जास्त. पाच वर्षे वापरायचे असेल, तर हेच घ्यावे.

इंटेल एक्स-५४०. आरजे-४५ पोर्टचे. नेहमीची केबल चालते म्हणून लोक ओढले जातात. दोन पोर्टचे कार्ड पंधरा-वीस वॅट खाते आणि चांगलेच तापते. केबल आधीच भिंतीत असेल तरच विचार करा.

४० गिगाबिटचे कार्ड दहाच्या कार्डापेक्षाही स्वस्त दिसते, तेव्हा हात लगेच पुढे होतो. त्याचे पोर्ट मोठे, क्यूएसएफपी प्रकारचे असते. त्याला घरगुती स्विच मिळत नाही, केबल महाग पडते आणि यातली बरीच कार्डे इन्फिनिबँड या वेगळ्या पद्धतीवर लावलेली येतात. कंपनीच्या साधनाने त्यांचा पोर्ट इथरनेटवर आणावा लागतो. दोनच यंत्रे थेट जोडायची असतील आणि हा खटाटोप करायची हौस असेल तर जरूर घ्या. पहिलेच कार्ड असेल तर नको.

विकणाऱ्याकडून फोटो मागवताना कार्डाच्या तळाची कडा नीट पाहा. सर्व्हरसाठीची काही कार्डे वेगळ्याच जोडणीची असतात. त्यांना मेझॅनिन, ओसीपी किंवा फ्लेक्सलॉम म्हणतात, आणि ती डेस्कटॉपच्या स्लॉटमध्ये बसतच नाहीत. किंमत फारच कमी दिसली की शंका हीच घ्यायची.

स्लॉट, पट्टी आणि पंखा

मदरबोर्डवरचा लांब स्लॉट आतून पूर्ण जोडलेला असतोच असे नाही. दिसायला सोळा लेनचा आणि प्रत्यक्षात चारच लेन जोडलेल्या, हे दुसऱ्या लांब स्लॉटच्या बाबतीत नेहमीचे. घाबरू नका. पीसीआय एक्सप्रेसच्या दुसऱ्या पिढीच्या चार लेनमधून १६ गिगाबिट जातात. एक पोर्ट त्यात आरामात चालतो, दोन्ही पोर्ट एकाच वेळी पूर्ण वेगाने चालत नाहीत. एका लेनच्या छोट्या स्लॉटमध्ये अॅडॅप्टर लावून कार्ड बसवले, तर दुसऱ्या पिढीत चारच गिगाबिट मिळतील. काही मदरबोर्डांत एनव्हीएमई डिस्क लावली की दुसरा स्लॉट बंद होतो. हे मदरबोर्डच्या पुस्तिकेत लिहिलेले असते आणि ती कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट मिळते.

पट्टी म्हणजे कार्डाच्या टोकाला असलेला पत्रा. तो आखूड आणि लांब अशा दोन मापांत येतो. सर्व्हरमधून निघालेल्या कार्डाला बहुधा आखूड असतो आणि तुमच्या कॅबिनेटला लांब लागतो. पट्टीशिवाय कार्ड बसते, पण केबल ओढली गेली की स्लॉटमध्ये तिरपे होते आणि संपर्क तुटतो. म्हणून घेतानाच दोन्ही पट्ट्या मागा.

पंख्याकडे मात्र जरा थांबून पाहायला हवे. सर्व्हरमध्ये समोरून मागे वाऱ्याचा जोरदार झोत असतो आणि ही कार्डे त्या झोतावर विसंबून बनवलेली असतात. म्हणून त्यांच्यावर हीटसिंक असते, पंखा नसतो. डेस्कटॉपच्या कोपऱ्यात वारा पोचत नाही. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत कार्ड अर्ध्या तासात हात लावता येणार नाही इतके तापते, मग जोडणी तुटते, पुन्हा जुळते, पुन्हा तुटते. माणूस केबल बदलत बसतो आणि दोष उष्णतेचा असतो. हीटसिंकवर चाळीस मिलिमीटरचा छोटा पंखा प्लास्टिकच्या टायने बांधा, नाहीतर कॅबिनेटच्या बाजूला ऐंशीचा पंखा कार्डाकडे तोंड करून लावा. दहा-बारा वर्षे जुन्या कार्डाच्या हीटसिंकखालची पेस्ट वाळून खडखडीत झालेली असते. हीटसिंक सोडवून, जुनी पेस्ट पुसून नवी लावली, की तापमानात फरक पडतो.

केबल: पैसे इथे वाया जातात

एकाच खोलीत, दोन-तीन मीटरवर दोन यंत्रे असतील, तर डीएसी ही दोन्ही टोकांना मॉड्यूल घट्ट जोडलेली तांब्याची तयार केबल घ्या. स्वस्त, थंड आणि बिनकटकटीची. पाच मीटरच्या पुढे तिचा भरवसा धरू नका.

आरजे-४५ वापरणार असाल, तर शंभर मीटरपर्यंत कॅट-६ए लागते. कॅट-६ पन्नासेक मीटरपर्यंत चालते. जपायचे ते वेगळ्याच गोष्टीला: आपल्याकडच्या स्वस्त बंडलांत तार पुष्कळदा तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमची असते. खोक्यावर बारीक अक्षरात सीसीए असे छापलेले असते. तार चाकूने खरवडून पाहा. आतून पांढरी निघाली, तर केबल परत करा.

घर आणि गोठ्यावरची खोली, किंवा जुना वाडा आणि नवे बांधकाम, असे अंतर असेल तर फायबरच घाला. इथे दोन गोंधळ हमखास होतात.

पहिला मॉड्यूलचा. एसआर प्रकारचे मॉड्यूल मल्टिमोड फायबरवर चालते आणि ओएम-३ केबलवर ३०० मीटरपर्यंत जाते. एलआर प्रकारचे मॉड्यूल सिंगलमोडवर दहा किलोमीटरपर्यंत जाते. दोन्ही टोकांना एकच प्रकार लागतो आणि केबलही त्याच प्रकारची लागते.

दुसरा टोकाचा. घरी इंटरनेटसाठी येणाऱ्या फायबरचे टोक हिरवे आणि चौकोनी असते. कार्डाच्या मॉड्यूलला त्याहून लहान, एलसी प्रकारचे टोक लागते. सिंगलमोडमध्ये ते निळ्या रंगाचे असते. हिरव्या टोकाचा काचेचा तुकडा तिरपा घासलेला असतो, निळ्याचा तसा नसतो. म्हणून एक दुसऱ्याला थेट टेकवायचे नाही. गावातल्या केबलवाल्याकडे टोक जोडायचे यंत्र असते. त्याला 'दोन्ही बाजूंना निळे एलसी लावून द्या' एवढे सांगितले की पुरते. त्याच्याकडची ड्रॉप केबल सहसा सिंगलमोड असते. तीत एकच तंतू असेल, तर एका तंतूवर दोन्ही दिशांनी चालणारी बायडाय मॉड्यूलची जोडी घ्या. जोडीतली दोन्ही मॉड्यूल वेगवेगळ्या तरंगलांबीची असतात. एकच प्रकार दोनदा घेतला, तर दिवा कधीच लागणार नाही.

फायबरच्या उघड्या टोकात डोकावू नका. यातला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो. टोकावरची टोपी जपून ठेवा. धुळीचा एक कण सिग्नल अर्ध्यावर आणतो.

पाऊस, विजा आणि महावितरणचे बिल

डिंभे भीमाशंकरच्या डोंगरांच्या पायथ्याशी आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेत दमटपणा मुरलेला असतो. अशा हवेत पेटीत पडून राहिलेल्या कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर थर चढतो. स्वच्छ खोडरबराने त्या हलक्या हाताने पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवा, वाळू द्या आणि मगच बसवा. कार्ड बसवल्यावर यंत्राला ते दिसत नसेल, तर या एवढ्या साफसफाईने बरीच प्रकरणे मिटतात.

वळवाच्या आणि परतीच्या पावसातल्या विजा हा खरा धोका. दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल टाकली, की जवळ पडलेल्या विजेचा दाब तिच्यातून थेट दोन्ही यंत्रांत शिरतो. फायबरमधून वीज वाहत नाही. पण ड्रॉप केबलच्या कडेला आधारासाठी पोलादी तार असते, हे विसरू नका. ती तार घराबाहेरच कापून वेगळी करा, आत फक्त काचेचा तंतू येऊ द्या. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे 'दामिनी' अॅप विजांची पूर्वसूचना मराठीतही देते. ते फोनवर ठेवा आणि इशारा आला, की प्लग भिंतीतून काढा.

आर्थिंग नसलेल्या घरात डीएसी केबलने दोन यंत्रे जोडणे धोक्याचे. तिच्या आवरणातून दोन्ही कॅबिनेट एकमेकांना जोडली जातात. एकीकडे गळती असेल, तर ती दुसरीकडे पोचते. दोन्ही यंत्रे एकाच आर्थिंगच्या बोर्डावर, एकाच यूपीएसवर ठेवा. वायरमनकडून आर्थिंग तपासून घेतल्याशिवाय जुना सर्व्हर घरात आणू नका.

विजेचा हिशेब सोपा आहे. सतत चालणारे २० वॅटचे उपकरण महिन्याला साडेचौदा युनिट घेते. नुसता चालू ठेवलेला जुना रॅक सर्व्हर १२० वॅट घेत असेल, तर महिन्याला ८६ युनिट होतात. महावितरणचा घरगुती दर शंभर युनिटनंतर वरच्या टप्प्यात जातो, म्हणजे शंभरावरची युनिटे महाग पडतात. म्हणूनच जुना सर्व्हर घेण्यापेक्षा कंपन्यांतून निघालेला डेस्कटॉप, किंवा लेनोवो थिंकसेंटर एम-७२०क्यू यासारखा रायझर लावून कार्ड घेणारा छोटा संगणक बरा पडतो. जुन्या पिढीच्या कार्डामुळे प्रोसेसर पुरता झोपत नाही आणि कार्डाच्या स्वतःच्या वॅटपेक्षा थोडी जास्तच वीज जाते, तेवढे धरून चाला.

बसवण्याचा क्रम

1. आधी यंत्रातली सगळी महत्त्वाची माहिती दुसरीकडे उतरवून ठेवा. मॉनिटर आणि कीबोर्ड जोडून ठेवा.
2. प्लग काढून, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातला स्थिर विद्युतभार घालवा. मग कार्ड बसवा.
3. यंत्र चालू करून कार्ड दिसते का पाहा. लिनक्समध्ये 'एलएसपीसीआय'च्या सविस्तर यादीत कार्डाची लेन-संख्या आणि पिढी कळते. आठ लेनच्या कार्डासमोर चारच लेन दिसल्या, तर स्लॉटचा हिशेब पुन्हा तपासा.
4. कार्डाचा फर्मवेअर त्याच कंपनीच्या, त्याच भाग-क्रमांकाच्या नव्या आवृत्तीवर आणा. हे करताना वीज गेली तर कार्ड निकामी होते, म्हणून यूपीएसवरच करा.
5. दोन यंत्रे थेट जोडत असाल तर स्विच लागत नाही. घरचे जाळे १९२.१६८.१ ने सुरू होत असेल, तर या कार्डांना वेगळे पत्ते द्या: एकाला १०.१०.१०.१, दुसऱ्याला १०.१०.१०.२, दोन्हींचा सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. गेटवेची जागा रिकामी सोडा. तिथे काही भरले, की यंत्र इंटरनेटसाठीही याच तारेकडे वळते आणि घरात 'नेट गेले' अशी हाकाटी होते.
6. फाइल पाठवून वेग मोजू नका, कारण त्यात डिस्क येते. आधी 'आयपर्फ-३' ने नुसते जाळे मोजा. ९.४ गिगाबिटच्या आसपास आकडा आला, तर जाळे ठणठणीत आहे.
7. त्यानंतर सामायिक फोल्डर नव्या पत्त्याने जोडा. जुन्याच नावाने जोडलेले राहिले, तर फाइल जुन्या तारेनेच जात राहते. 'वेग वाढलाच नाही' या तक्रारीमागे पुष्कळदा एवढेच असते.

एमटीयू, म्हणजे एका पाकिटाचा कमाल आकार, नऊ हजारावर नेण्याचा सल्ला जागोजागी दिसतो. सुरुवातीला १५०० च ठेवा. वाढवायचाच असेल, तर दोन्ही यंत्रांवर आणि मधल्या स्विचवरही वाढवा आणि तुकडे न पाडता ८९७२ बाइटचे पिंग जाते का पाहा. एका टोकाला बदल आणि दुसऱ्याला नाही, असे झाले की लहान फाइल जाते, मोठी अडकते, आणि दोष शोधण्यात दिवस जातो.

चालत नसेल तर

कार्ड लावल्यावर यंत्र चालूच होत नसेल, तर आधी दुसरा स्लॉट, मग दुसरे यंत्र. सर्व्हर कंपन्यांच्या काही कार्डांचा डेस्कटॉपच्या व्यवस्थापन-तारांशी खटका उडतो. ओळखीच्या हार्डवेअरवाल्याला कडेचे पाचवे आणि सहावे टोक टेपने झाकण्याचा उपाय ठाऊक असतो, तो त्याच्याकडूनच करून घ्या.

प्रॉक्समॉक्सवर कार्ड घातल्याबरोबर जुनेच जाळे बंद पडते, तेव्हा कार्ड खराब नसते. नव्या कार्डामुळे स्लॉटांचे क्रमांक सरकतात आणि जुन्या पोर्टचे नाव बदलते. मॉनिटर लावून जाळ्याच्या फाइलमध्ये नवे नाव घातले, की सगळे जागेवर येते. म्हणूनच पहिल्या पायरीत मॉनिटर जोडून ठेवायला सांगितले.

आकडा तीन-चार गिगाबिटवर अडकला, तर आयपर्फमध्ये एकाच वेळी चार धारा सोडून पाहा. तेव्हा आकडा नऊवर गेला, तर जुना प्रोसेसर एका धारेला पुरत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

खोडदच्या शेजाऱ्यांसाठी

डिंभ्यापासून सरळ रेषेत तीसेक किलोमीटरवर, जुन्नर तालुक्यातल्या खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली ही दुर्बीण म्हणजे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना. चौदा मध्यभागी, उरलेल्या सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन फाट्यांवर पंचवीसेक किलोमीटरच्या विस्तारात. प्रत्येक अँटेनाचा सिग्नल ऑप्टिकल फायबरने मध्यवर्ती इमारतीत येतो. दुर्बिणीचे नूतनीकरण झाले, तेव्हा तिथल्या गणनयंत्रणेत दहा गिगाबिट इथरनेट आणि इन्फिनिबँड हीच दोन्ही तंत्रे बसवली गेली. तुमच्या टेबलावर आलेले कार्ड त्याच कुळातले आहे.

ही जागा निवडण्यामागे एक कारण होते: डोंगरांच्या आडोशामुळे इथे रेडिओ गोंगाट कमी. आता गंमत पाहा. नव्या यंत्रणेचा एक पट्टा १२० ते २५० मेगाहर्ट्झचा आहे, आणि दहा गिगाबिट इथरनेटचे घड्याळ १५६.२५ मेगाहर्ट्झवर चालते. गिगाबिटचे १२५ वर. दोन्ही नेमके त्या पट्ट्यात. डिंभ्यातल्या बंद कॅबिनेटमधल्या कार्डाचा एवढ्या अंतरावर उपद्रव होण्याचे कारण नाही. पण खोडद, नारायणगाव किंवा अँटेनांच्या फाट्यांजवळच्या एखाद्या गावात राहत असाल, तर मदरबोर्ड फळीवर उघडा ठेवून प्रयोगशाळा चालवू नका. धातूचे कॅबिनेट बंद ठेवा, मागच्या रिकाम्या खाचांवर पत्रे लावा, तांब्याऐवजी फायबर घ्या आणि हलक्या प्रतीचे पॉवर अॅडॅप्टर टाळा. बाहेरच्या दोन इमारती ताकदवान वायरलेस यंत्राने जोडण्याचा विचार तर सोडूनच द्या. काहीशे कोटी प्रकाशवर्षांवरून आलेला क्षीण सिग्नल टिपणारे यंत्र आपल्या परिसरात आहे, तेवढी काळजी घेणे शेजाऱ्यांचे काम आहे.

तुमच्या घरच्या प्रयोगशाळेला कामही तिथेच मिळेल. जीएमआरटीच्या ऑनलाइन संग्रहातली जुनी निरीक्षणे अभ्यासकांसाठी खुली आहेत आणि त्यांच्या फाइली मोठ्या असतात. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला दहा गिगाबिटचे जाळे वापरून शिकायला याहून चांगली सामग्री शोधून सापडणार नाही.

बिल, वॉरंटी आणि तुमचे हक्क

जुना माल घेतला म्हणजे हक्क संपले, असे नाही. दुकानदाराकडून किंवा ऑनलाइन विक्रेत्याकडून घेतलेल्या वापरलेल्या मालालाही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू होतो.

- जीएसटीचे पक्के बिल घ्या. त्यावर कार्डाचा भाग-क्रमांक आणि 'वापरलेले' हा शब्द लिहून घ्या. 'टेस्टिंग वॉरंटी' किती दिवसांची तेही बिलावरच हवे. तोंडी शब्द पुढे कामाला येत नाही.
- ऑनलाइन घेतले असेल तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष, बनावट किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. पार्सल उघडताना सुरुवातीपासून व्हिडिओ काढा, त्यात क्रमांकाचे लेबल दिसू द्या.
- तक्रार आधी विक्रेत्याच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी करा. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचे असते. तिथे दाद मिळाली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत बोलता येते.
- जिल्हा आयोगाकडे ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दावा दाखल करता येतो. पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. विक्रेता दिल्लीचा असला, तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे पुण्यात, दावा करता येतो. मुदत दोन वर्षांची.

स्टुडिओवाल्यांना एक शंका नेहमी असते: धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला हा कायदा लागतो का? व्यापारी हेतूची खरेदी कायद्यातून वगळली आहे. पण स्वतःच्या कष्टाने, स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू वगळलेली नाही. एकट्याने स्टुडिओ चालवणारा माणूस या सवलतीत बसतो.

दोन ठिकाणी हे कवच मिळत नाही. एक, समाजमाध्यमावर भेटलेल्या खासगी व्यक्तीकडून, बिलाविना घेतलेले कार्ड. ती व्यक्ती व्यापारी नसल्याने ग्राहक म्हणून दाद मागणे अवघड जाते, म्हणून कार्ड समोर चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. दोन, परदेशातून मागवलेला जुना माल. वापरलेल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या आयातीवर निर्बंध आहेत. पार्सल कस्टममध्ये अडकते, वर शुल्क लागते, आणि परतीचा खर्च कार्डाच्या किमतीहून जास्त होतो. भारतातच मिळणारे कार्ड चार पैसे महाग असले तरी तेच घ्या.

निकामी झालेले कार्ड भंगारवाल्याला देऊ नका. त्यातले सोने-तांबे काढायला ते उघड्यावर जाळले जाते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार असा माल नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवा. दुकानातून दुसरे कार्ड घ्यायला पुण्याला जाल, तेव्हा जुने पिशवीत घालून सोबत न्या आणि नोंदणीकृत संकलन केंद्रात देऊन या.